‘९० अंशांत माणूस शिजेल’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. माझ्या सॉनावरच्या पहिल्या लेखावर तुमचे आक्षेप दोन. फिनलंडच्या सॉनाचं (तापवलेल्या दगडांनी गरम केलेल्या लाकडी खोलीचं) तापमान ८० ते ९० अंश लिहिलंय ती टायपिंगची चूक असणार, नाहीतर माणूस शिजेल. आणि तिथून उठून बर्फाच्या पाण्यात उतरणं म्हणजे हार्ट अटॅकला आवतण. पहिला आक्षेप चुकलाय, दुसऱ्यात तथ्य आहे.

आकडा बरोबर आहे, फक्त तो डोक्याच्या उंचीला मोजतात. पायाशी हवा बरीच गार असते. शिवाय ती कोरडी असते. कोरड्या हवेत उष्णता फार मावत नाही आणि घाम झटकन उडतो. तापलेल्या ओव्हनमध्ये हात घालून केक काढताना चटका बसतो तो डब्याच्या पत्र्याचा, हवेचा नाही. म्हणून सॉनातली बाकं लाकडाची, खिळ्यांची डोकी लाकडात खोल बुडवलेली, आणि अंगठी-साखळी बाहेर काढून ठेवायची. मुंबईत मे महिन्यात ३४ अंशांतच जीव नकोसा होतो, कारण घाम वाळतच नाही.

दगडांवर पाणी टाकून खोली गार का करतात, असंही तुम्ही विचारलंय. त्या वाफेला फिनिश भाषेत ‘लोयलू’ म्हणतात आणि सॉनाची खरी गंमत तीच. एक-दोन डेसिलिटरचा (१०० ते २०० मिलिलिटरचा) डाव हळू ओतायचा. हवेतली वाफ वाढते, तुलनेने थंड कातडीवर ती पाणी होऊन बसते आणि आपली उष्णता सोडते. दंडावर तेव्हा चमकणारे बरेचसे थेंब घामाचे नसतातच! बादली उपडी केली तर खालचे दगड निवतात आणि वर नुसता भपकारा येतो. दगड दाबून घट्ट रचले तर हवा खेळत नाही आणि हीटरची कॉइल जळते. खोलीच्या दर घनमीटरला साधारण १ किलोवॅट हीटर लागतो.

आता गार पाणी. पहिल्या लेखात मी ‘सॉनातून थेट पाण्यात’ असं लिहिलं होतं, ती चूक माझी. धोका गारठून जाण्याचा नंतरचा. आधीचा धोका पहिल्या मिनिटाचा. गार पाणी लागताच आपोआप धाप लागते, रक्तदाब चढतो. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पाणी छातीत जातं, आणि चेहरा बुडल्याने हृदयाला उलटसुलट आदेश मिळून ठोके चुकू शकतात. म्हणून सूर मारायचा नाही. बाहेर येऊन श्वास शांत होईपर्यंत दोन-चार मिनिटं बसा. शिडीने उतरा, डोकं कोरडं ठेवा, श्वास लांब सोडा. नवख्याला अर्धा मिनिट पुष्कळ. दारू नको, एकट्याने नको. छातीत दुखत असेल, रक्तदाब ताब्यात नसेल किंवा नुकताच अटॅक येऊन गेला असेल, तर डॉक्टरांच्या परवानगीशिवाय पाण्याच्या वाटेलाही जाऊ नका.

फिनलंडमधल्या कुओपिओ भागातल्या २,३१५ पुरुषांचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. आठवड्यातून ४ ते ७ वेळा सॉना घेणाऱ्यांत हृदयविकाराने अचानक मृत्यू कमी आढळले. पण ते नुसतं निरीक्षण आहे, सॉनामुळेच तसं झालं याचा पुरावा नव्हे, आणि तेही सॉनाचं. त्याचं श्रेय बर्फाच्या पाण्याला देऊ नका. उलट वजनं उचलल्यावर लगेच गार पाण्यात बसायची रोजची सवय स्नायूंची वाढ मंदावते.

पाण्याबाहेर आल्यावरही शरीर थोडा वेळ आतून गार होत राहतं. आधी अंग पुसा, कपडे चढवा. लोकरी टोपी तर पाण्यात उतरतानाही डोक्यावरच राहू द्या.