0.207 चा आकडा प्रत्येक टाकीला लागू नाही

नाशिककडच्या सातपूर, अंबड, सिन्नरच्या फॅब्रिकेशनवाल्यांत आडव्या प्रेशर व्हेसलबद्दल, म्हणजे दाब सोसणाऱ्या टाकीबद्दल, एक सल्ला सर्रास फिरतो. त्यात चार गोष्टी आहेत. सॅडल (टाकी ज्यावर टेकते तो कमानीसारखा आधार) टोकापासून लांबीच्या 0.207 पटीवर ठेवा, ताण सगळ्यात कमी येतो. खात्री वाटत नसेल तर मध्ये तिसरं सॅडल द्या. सगळे बोल्ट कचकून आवळा. आणि सॅडल व टाकी यांच्या मधला पॅड (जादा पत्रा) म्हणजे ग्राहकाच्या माथी मारलेला खर्च. यातली पहिली अर्धी खरी आहे, म्हणून जास्त फसवी. बाकीच्या तीन सरळ चूक.

0.207 येतो तुळईच्या हिशेबातून. सारखा भार असलेली तुळई दोन टेकूंवर ठेवून दोन्हीकडे लांबीच्या 0.207 इतकं टोक बाहेर सोडलं, की टेकूवरचा आणि मधला बेंडिंग मोमेंट (वाकवणारा जोर) सारखा होतो. तुळईपुरतं ठीक. पण व्हेसल म्हणजे पातळ पत्र्याची नळी. सॅडलवर ती वाकते तशी चपटीही होते. वरचा पत्रा ढिला पडतो आणि भार पेलायला खालची कमानच उरते. एल. पी. झिक यांनी 1951 मध्ये हे मांडलं, आणि सॅडलची तपासणी आजही त्याच वाटेने होते.

आकडे घालून पाहू. व्यास 2 मीटर, टॅन्जंट ते टॅन्जंट (सरळ नळीच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत) 8 मीटर, शेल (नळीचा पत्रा) 12 मिमी, डिश (टोकाचं फुगीर झाकण) 2:1 लंबवर्तुळाकार, सॅडल 250 मिमी रुंद आणि घेराचे 120 अंश कवटाळणारं. हायड्रोटेस्टला (पाणी भरून दाबाची चाचणी) पाण्यासकट वजन 33 टनांच्या आसपास, म्हणजे एका सॅडलवर साडेसोळा. 0.207 धरलं तर सॅडल 1656 मिमीवर येतं. तिथून डिश इतकी दूर राहते की शेलला तिचा आधार मिळत नाही. सॅडलच्या वर लांबीच्या दिशेचा ताण सुमारे 16 मेगापास्कल येतो. तेच सॅडल 500 मिमीवर, म्हणजे अर्ध्या त्रिज्येवर घेतलं, तर डिश शेलला गोल धरून ठेवते. मध्यभागी ताण साडेसहाच्या आत राहतो आणि सॅडलवर नावापुरता. ‘सगळ्यात कमी ताण’ म्हणून सांगितलेल्या जागी दुपटीहून जास्त ताण!

तरी हे आकडे किरकोळच. 10 बार दाबाने लांबीच्या दिशेला 42 मेगापास्कल येतात. टाकी अडचणीत येते ती सॅडलच्या हॉर्नपाशी, जिथे सॅडल संपतं आणि पत्रा घेराच्या दिशेने मुडपतो. पॅड न धरता तिथला ताण 500 मिमीवर साधारण 30 मेगापास्कल, 1656 वर 97. शेल 8 मिमीचं असेल तर 1656 वर तो 200 च्या घरात जातो. एसए-516 ग्रेड 70 या टाक्यांच्या पोलादाला परवानगीचा ताण 138, त्याच्या सव्वापट धरून इथली मर्यादा 172 आहे. म्हणजे टाकी नापास. सॅडल डिशजवळ घेतलं तर तीच 8 मिमीची टाकी 60 च्या आसपास राहते.

मग 0.2 कुठे चालतं? बारीक व्यासाची, जाड पत्र्याची, लांब व्हेसल असेल तिथे. तिला चपटं होण्याची भीती कमी, मधल्या वाकण्याची जास्त. मोठा व्यास आणि पातळ पत्रा असेल तर सॅडल डिशकडे सरकवा. यातलं काहीच जमत नसेल तर सॅडलपाशी शेलला मजबुतीची रिंग द्या. आणि माप टॅन्जंट लाइनपासून घ्या. डिशच्या टोकापासून टेप लावली तर या टाकीत सरळ अर्ध्या मीटरचा घोळ होतो.

तिसऱ्या सॅडलबद्दल. ही टाकी 500 मिमीवरच्या दोन सॅडलवर पाण्याने भरली, तर तुळईच्या हिशेबाने तिचा मधला झोक 0.2 मिमीसुद्धा भरत नाही. मधलं सॅडल 1 मिमी खाली राहिलं तर ते शोभेचं. 1 मिमी वर राहिलं तर जवळजवळ सगळं वजन त्याच्याच डोक्यावर, तेही जिथे डिशचा आधार नाही अशा जागी. शिम (पातळ पट्ट्या) घालून हे जुळवून घेतलं तरी आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया पक्क्या मुरुमापर्यंत नेला नसेल, तर पहिल्याच पावसाळ्यानंतर कुठलं सॅडल किती वजन घेतंय ते सांगता येणार नाही. दोन सॅडलवर पाया थोडा खचला तरी वजनाची वाटणी बदलत नाही.

पॅडचं काम हॉर्नपाशीच. सॅडलच्या टोकापलीकडे त्रिज्येचा दहावा भाग, इथे 100 मिमी, तो पुढे न्यायचा. रुंदी सॅडलपेक्षा दोन्हीकडे 85 मिमी जास्त, जाडी शेलइतकी, कोपरे गोल. वेल्ड चारी बाजूंनी सलग हवं. तुटक टाके मारले तर फटीत पाणी शिरतं आणि शेल पॅडखाली गंजतं, बाहेरून कळतही नाही. 6 मिमीचं एक भोक मात्र ठेवा, वेल्डिंगच्या वेळी अडकलेली हवा निघायला. घेराचा जॉइंट पॅडखाली येऊ देऊ नका.

राहिले बोल्ट. 30 अंश सेल्सिअसला बसवलेली टाकी 180 ला चालली तर सॅडलमधल्या 7 मीटरमध्ये 12 ते 13 मिमी वाढ होते. दोन्हीकडे आवळलं तर ही वाढ बोल्ट, पाया आणि शेल यांच्यावर जोर करते. म्हणून एकच बाजू पक्की, शक्यतो ज्या टोकाला जाड पाइपिंग आहे ती. दुसरीकडे बोल्टला लांबीच्या दिशेने स्लॉट (लांबट भोक), नट हाताने टेकवून वर दुसरा नट. वाढ एकाच दिशेला होते, तेव्हा थंड टाकी बसवताना बोल्ट स्लॉटच्या मधोमध न ठेवता वाढीला जागा राहील असा ठेवा. सॅडल सरकणार आहे ती प्लेट गुळगुळीत हवी. लोखंडावर लोखंड असेल तर घर्षणाचाच जोर 6 टनांपर्यंत जातो, टेफ्लॉनच्या पट्टीने तो दोन टनांच्या आत येतो. सगळं नीट करून शेवटी ग्राउट (सॅडलखालच्या फटीत भरायचा सिमेंटचा पातळ माल) ओतताना तो स्लॉटमध्ये शिरतो आणि सरकणारी बाजू पक्की होऊन बसते. ग्राउट ओतण्याआधी स्लॉट थर्माकोलने बुजवा आणि टाकी पहिल्यांदा तापवण्याआधी ते कोरून काढलंय का, ते स्वतः वाकून पाहा.