‘वकीलसाहेब, हायवेवाल्यांची जाहिरात करता का?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा,

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. लगेच उत्तर लिहायला बसलो नाही ते बरं झालं, नाहीतर वकिलाच्या सवयीनं उलटतपासणीच घेतली असती तुमची.

ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मागच्या महिन्यात मी इथं महामार्ग पोलिसांवर लिहिलं होतं, हे खातं काय करतं, कुणाच्या हाताखाली चालतं वगैरे. त्यावर केज तालुक्यातल्या या वाचकांनी लिहिलं: ‘वकीलसाहेब, तुम्ही दावे चालवता का हायवेवाल्यांची जाहिरात करता? माझ्या चुलतभावाच्या मोटरसायकलला उसाच्या ट्रॅक्टरनं ठोकलं. हायवेची गाडी पाऊण तासानं आली. तक्रार घ्या म्हटलं तर ठाण्यात जा म्हणाले. ठाण्यात गेलो तर हद्द आमची नाही म्हणाले. आणि हेच हायवेवाले दिवसभर फाट्यावर ट्रक अडवून उभे असतात. असलं खातं पाहिजे कशाला? बंद करा.’ प्रतिक्रियेत केंद्राचं आणि ठाण्याचं नाव होतं, तेवढं मी काढलं. बाकी शब्द तुमचेच आहेत.

भावाचा पाय वाचला हे तुम्ही खाली लिहिलंय, ते वाचून जीव भांड्यात पडला.

आता आधी माझी चूक. मी तो लेख दिवसा पाहिलेल्या खात्यावर लिहिला. स्पीडगन लावलेली इंटरसेप्टर गाडी, दारू तपासायचं यंत्र, शाळेतल्या पोरांना हेल्मेट दाखवणारे साहेब. रात्री साडेअकराला फाट्यावर पडलेल्या माणसाला हे खातं कसं दिसतं, ते त्यात नव्हतं.

पण ‘ठाण्यात जा’ या वाक्यावर जरा थांबू. ते ऐकून माणसाचं डोकं फिरतं, आणि तरी त्यात खोटं काही नाही. महामार्ग पोलीस केंद्र म्हणजे पोलीस ठाणं नव्हे. तिथं गुन्हा दाखल होत नाही, तपास होत नाही, लॉकअप नाही. खात्याची उतरंड अशी: सगळ्यात वर मुंबईत अपर पोलीस महासंचालक, वाहतूक. त्यांच्या खाली विभागवार पोलीस अधीक्षक, आपले छत्रपती संभाजीनगरला बसतात. त्यांच्या खाली उपअधीक्षक, आणि रस्त्यावर ही केंद्रं, जिथं बहुतेक सहायक निरीक्षक (एपीआय) किंवा उपनिरीक्षक (पीएसआय) प्रभारी असतो. तुमच्याशी बोलला तो हवालदार बीडच्या एसपींना उत्तर देत नाही. तो मूळचा जिल्ह्याच्याच पोलीस दलातला, पण प्रतिनियुक्तीवर आलेला. कुठला फाटा रात्री अंधारा असतो, कुठल्या ढाब्यापुढं ट्रक रस्त्यातच लावतात, हे त्याला पाठ होतं आणि तोवर त्याची परत जायची वेळ येते.

आणि खरी गोम पुढं आहे. ठाण्याची हद्द गावांनी मोजतात, केंद्राची किलोमीटरनं. एका केंद्राच्या पट्ट्यात चार-पाच ठाण्यांच्या हद्दी येऊन जातात. अपघात झाला की जखमीला हलवायचं, क्रेन बोलवायची, वाहतूक एका बाजूनं सोडायची, ठाण्याला कळवायचं, हे केंद्राचं काम. पंचनामा, भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ (बेदरकारपणे गाडी चालवणं) किंवा माणूस गेला तर १०६ खाली गुन्हा, ड्रायव्हरला अटक, हे ठाण्याचं. तुमच्या भावाच्या बाबतीत त्या हवालदारानं ‘ठाण्यात जा’ म्हणण्याऐवजी स्वतः ठाण्याला फोन लावून तुमच्यासमोर सांगायला पाहिजे होतं. ते त्याचं काम होतं, आणि तिथं तो चुकला. हे मी लेखात लिहायला हवं होतं.

ठाणं मात्र त्याच्याहून जास्त चुकलं. ‘हद्द आमची नाही’ म्हणून परत पाठवायची सोय आता कायद्यात नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट आहे की दखलपात्र गुन्हा कुठंही घडलेला असो, खबर कुठल्याही ठाण्यात देता येते. झिरो नंबरनं नोंदवायचा आणि ज्याची हद्द त्याच्याकडं पाठवायचा. ठाणेदारानं नकार दिला तर हीच तक्रार लेखी, पोस्टानं पोलीस अधीक्षकांना. तिथंही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटपुढं अर्ज.

हे मी कायदा दाखवायला सांगत नाही. गुन्हा नोंदला की तपास अधिकाऱ्यानं ४८ तासांत अपघाताचा पहिला अहवाल भरपाईचे दावे चालवणाऱ्या न्यायाधिकरणाकडं द्यायचा असतो. आणि दाव्याला आता सहा महिन्यांची मुदत आहे. २०१९ च्या दुरुस्तीनं ती मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ मध्ये परत आणली आणि १ एप्रिल २०२२ पासून लागू केली. कधी काळी मुदतच नव्हती, त्यामुळं आपली माणसं अजून ‘बघू, प्लास्टर निघू द्या’ म्हणतात. प्लास्टर निघेपर्यंत थांबू नका.

हद्दीचं एक उदाहरण माझ्याच कपाटातलं देतो. काही वर्षांपूर्वीची फाइल. ओढ्यावरचा पूल, पुलाच्या अलीकडं एक ठाणं, पलीकडं दुसरं. फाइलमध्ये घटनास्थळाचे दोन नकाशे आहेत, दोन्ही हातानं काढलेले, दोन्हीत बाभळीचं एकच झाड. एकात मयत झाडाच्या पूर्वेला पडलाय, दुसऱ्यात पश्चिमेला. माणूस मेल्यावर ओढा ओलांडून गेला असावा. विमा कंपनीच्या वकिलानं कोर्टात दोन्ही नकाशे शेजारी शेजारी ठेवले आणि अपघात इथं झालाच नाही असं म्हणायला सुरुवात केली. तेव्हा मला महामार्ग पोलीस केंद्राच्या नोंदवहीतलं अर्धं पान सापडलं. कुणा हवालदारानं बॉलपेननं लिहिलेलं, ११.२० वाजता, किलोमीटरच्या दगडापासून इतक्या अंतरावर, पुलाच्या कठड्याजवळ, वाहनाचा नंबर, दोन्ही ठाण्यांना फोन केल्याच्या वेळा. हद्दीचं त्यात काहीच नव्हतं, फक्त रस्ता होता. दावा त्या अर्ध्या पानावर तरला. म्हणून तुम्ही ‘बंद करा’ म्हणता तिथं माझा हात आखडतो.

पाऊण तासाचं काय? तुमची घालमेल मला समजते. पण पट्ट्याच्या एका टोकाला गाडी असली आणि दुसऱ्या टोकाला अपघात झाला, मध्ये एक गाव आणि आठवडी बाजार, तर पाऊण तास लागतोच. गाड्या आणि माणसं वाढल्याशिवाय तो कमी व्हायचा नाही. शिवसंग्रामचे नेते, आपले विनायक मेटे बीडहून मुंबईला निघाले होते. १४ ऑगस्ट २०२२ च्या पहाटे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर अपघात झाला, त्यात ते गेले आणि मदत वेळेत आली नाही, ही तक्रार तेव्हा सगळ्या राज्यानं ऐकली. तो राज्यातला लाडका रस्ता. मग आपल्या फाट्याचं काय घेऊन बसता.

एक गोष्ट मात्र तुम्ही वेगळी करू शकला असता. तुम्ही कुणाकडून तरी केंद्राचा मोबाइल मिळवून लावलात. ११२ लावायला पाहिजे होता, कारण तिथं फोनची वेळ नोंदली जाते आणि नंतर ती मागता येते. रुग्णवाहिकेला १०८. राष्ट्रीय महामार्ग असेल तर १०३३ सुद्धा, कारण टोलची रुग्णवाहिका आणि क्रेन पोलिसांपेक्षा बऱ्याचदा जवळ असते. टोलच्या त्या गस्तीच्या गाडीला आपले लोक पोलीसच समजतात, वर दिवा फिरतो म्हणून.

समजण्याचा हाच घोळ फाट्यावरच्या ट्रकांबाबत आहे. ट्रक अडवणारे सगळे ‘हायवेवाले’ नसतात. जिल्ह्याची वाहतूक शाखा वेगळी आणि आरटीओचं वायुवेग पथक तर वेगळ्या खात्याचंच, परिवहनचं. १५ ऑक्टोबर २०२३ ला समृद्धीवर वैजापूरजवळ उभ्या ट्रकवर टेम्पो ट्रॅव्हलर आदळून १२ जण गेले. त्या ट्रकला आरटीओच्या माणसांनी थांबवलं होतं असा आरोप झाला आणि अटक झाली ती दोन सहायक मोटार वाहन निरीक्षकांना. शिव्या मात्र आपल्याकडं पानटपरीवर हायवे पोलिसांना बसल्या.

म्हणजे हायवे पोलीस धुतल्या तांदळाचे आहेत असं मी म्हणत नाही. वीस वर्षं कोर्टात काढली, चिरीमिरी मला माहीत आहे. वळण संपल्या संपल्या ट्रक डाव्या लेनमध्ये थांबवणारे महाभाग मीही पाहिले. दंड आता ई-चलान मशीनवर होतो, रोख द्यायची गरज नाही. कुणी पावतीशिवाय रोख मागितली तर लाचलुचपत खात्याचा १०६४ आहे. गाडीवर काय लिहिलंय ते वाचा आणि ज्यानं मागितले त्याच्याच नावानं बोंब ठोका.

आता तो ट्रॅक्टर. तुमच्या प्रतिक्रियेत त्याच्यावर अर्धीच ओळ आहे आणि मला तर सगळं दुखणं तिथंच दिसतं. मागच्या गाळप हंगामात एका कारखान्याच्या गेटबाहेर मी तासभर उभा होतो. महामार्गाचे दोन हवालदार ट्रॉल्यांना रेडियम लावत होते. रेडियमचा गुंडाळा एकाच्या मनगटात बांगडीसारखा, दुसऱ्याच्या हातात कात्री. पट्टी चिकटेना. ट्रॉलीचा मागचा फाळका चिखलानं आणि उसाच्या रसानं चिकट झालेला. मग त्यानं स्वतःच्या बाटलीतलं पाणी ओतलं, चिंधीनं पुसलं, फुंकर मारून वाळवलं आणि मग लावली. ट्रॅक्टरवाला विशीतलं पोरगं, टपावर दोन भोंगे, गाणं एवढं मोठं की मागून हॉर्न वाजवला तरी ऐकू येऊ नये. ते म्हणालं, ‘लावा साहेब, पण माल भरला की दिसत नाही.’ आणि खरंच होतं ते. भरलेल्या ट्रॉलीच्या मागं उसाची टोकं दोन हात लोंबतात, रेडियम त्याच्याखाली जातं. रात्री मागून येणाऱ्या मोटरसायकलला ते झुडूप वाटतं. डबल ट्रॉली असेल तर पहिली ओलांडल्यावर दुसरी असते हेही कळत नाही.

हवालदार पट्टी लावू शकतो, चलान करू शकतो. टेललाइट बसवणं मालकाचं काम आणि गाडी मुळात रस्त्यावर यायच्या लायकीची आहे का हे बघणं आरटीओचं. पण ज्याच्या हातात सगळ्यात जास्त आहे त्या कारखान्याला कुणी विचारत नाही. काट्यावर वजन करताना मागं दिवा नसलेली ट्रॉली रिकामी करून घेतली नाही, एवढं आठ दिवस केलं, तरी सगळ्या ट्रॉल्यांना दिवे लागतील.

रस्त्याचंही तसंच. पाचशे मीटरच्या टापूत तीन वर्षांत जीवघेणे किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले किंवा दहा माणसं गेली, तर राष्ट्रीय महामार्गावर त्याला ब्लॅक स्पॉट म्हणतात. महामार्ग पोलीस केंद्र तसं पत्र लिहून कळवतं. दुभाजक मात्र महामार्ग प्राधिकरण किंवा बांधकाम खातंच बसवणार. कन्नडच्या औट्रम घाटातली अवजड वाहनं कशानं थांबली? २०२३ साली उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशानं.

तुमचं ‘बंद करा’ मला पटत नाही, पण ‘आहे तसं चालू द्या’ हेही मी म्हणणार नाही. खातं बंद झालं तर रस्ता ठाण्यांकडं जाईल आणि ठाण्याची जीप यात्रेत, मोर्च्यात, निवडणुकीत असते. माझं म्हणणं उलटं आहे. केंद्राच्या पट्ट्यातल्या अपघाताचा गुन्हा केंद्रातच नोंदवून घ्यायचा अधिकार द्या. तपास ठाण्याकडं जाऊ द्या हवं तर, पण जखमीच्या नातेवाइकाला रात्री दोन दारं वाजवायला लावू नका. यात अडचणी आहेत, सरकारी वकील मित्र माझ्याशी भांडतात. भांडू देत.

लेखात मी ‘ठाण्यात जा’बद्दलचा परिच्छेद आज घातलाय.

आता कामाचं. शनिवारी ऑफिसला या, सोमवारी नको, बोर्डावर बऱ्याच तारखा आहेत. १०८ ची चिठ्ठी, दवाखान्याचे कागद, ट्रॉलीचा काढला असेल तो फोटो घेऊन या आणि त्या रात्रीचा फोनचा कॉल रेकॉर्ड पुसू नका. केंद्राच्या नोंदवहीतली त्या तारखेची नोंद मागायला विभागीय अधीक्षक कार्यालयाच्या नावानं माहिती अधिकाराचा अर्ज मी लिहून ठेवतो. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट तेवढं येताना घेऊन या.