31 मार्चची ही लूट किती वर्षं चालू ठेवणार?

फेब्रुवारीपर्यंत ज्या सरकारी टेबलांवर फाईल हलत नाही, तिथे 20 मार्चनंतर रात्रीपर्यंत दिवे जळतात. विचारलं की एकच उत्तर: 31 तारखेच्या आत खर्च पडला नाही तर निधी व्यपगत होईल, म्हणजे हातचा जाईल. मग आधीचे अकरा महिने काय चाललं होतं? तारीख दरवर्षी तीच असते, तरी जनतेचा पैसा दरवर्षी असाच घाईघाईत उडवला जातो, आणि याचा संताप येतो कारण यात अचानक असं काहीच घडत नाही.

अर्थसंकल्प मार्चमध्ये मंजूर होतो. पण एप्रिलमध्ये पूर्ण तरतूद हाती येत नाही. वित्त विभाग टक्केवारी ठरवून ती बीम्सवर, म्हणजे राज्याच्या निधीवाटपाच्या संगणक प्रणालीवर, टप्प्याटप्प्याने सोडतो. मग प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, ई-निविदा, तांत्रिक लिफाफा, आर्थिक लिफाफा, कार्यारंभ आदेश. कुठे काही अडलं नाही तरी यात महिने जातात, त्यात पावसाळ्यात रस्त्यांची कामं बंद. वर नागपूरच्या अधिवेशनात पुरवणी मागण्यांचा, म्हणजे अर्थसंकल्पाबाहेरच्या जादा खर्चाच्या मागण्यांचा डोंगर: डिसेंबर 2023 मध्ये त्या 55 हजार 520 कोटींच्या होत्या. डिसेंबरअखेर मंजूर झालेला पैसा खालच्या कार्यालयात पोहोचून नीट खर्च व्हायला किती दिवस उरतात, हे मंत्रालयात कुणाला मोजता येत नाही का?

मग कामाची काय दशा होते ते बघा. काँक्रीटची ताकद 28 दिवसांच्या क्यूब टेस्टवर, म्हणजे त्याच काँक्रीटचा ठोकळा 28 दिवसांनी दाबून फोडण्याच्या चाचणीवर ठरते. म्हणजे 3 मार्चनंतर ओतलेल्या काँक्रीटचा तो अहवाल 31 मार्चच्या आत येऊच शकत नाही. तरीही मोजमाप पुस्तिकेत नोंद होते, देयक कोषागारात जातं आणि पैसे निघतात. पाणी मारायचे दिवससुद्धा धड मिळत नाहीत. पुढच्या पावसात रस्ता उखडला की दोष पावसाचा!

खरेदीचंही तेच. इमारत अपुरी, वीजजोडणी नाही, चालवायला माणूस नाही, पण यंत्र मार्चमध्ये येऊन पडतं. हमीचा काळ पुरवठ्याच्या तारखेपासून मोजला तर खोकं उघडेपर्यंत तो निम्मा संपलेला असतो.

सगळ्यात चीड येते ती पैसा लपवून ठेवण्याची. काम सुरूही नसताना रक्कम कोषागारातून काढायची, महामंडळाच्या बँक खात्यात किंवा अधिकाऱ्याच्या पदनावाने असलेल्या वैयक्तिक ठेव खात्यात टाकायची, आणि खर्च झाला म्हणून दाखवायचं. ताबडतोब वाटायची गरज नसेल तर कोषागारातून रक्कम काढू नये, हा साधा नियम आहे. एकीकडे राज्य रोखे विकून व्याजाने कर्ज उचलतं आणि दुसरीकडे त्याच राज्याचा पैसा खात्यांत पडून राहतो. ते व्याज आपण भरतो. पैसा ठरलेल्या कामावरच खर्च झाला हे सांगणारी उपयोगिता प्रमाणपत्रं वर्षानुवर्षं येत नाहीत, महालेखापरीक्षक अहवालात लिहितात, अहवाल विधिमंडळात मांडला जातो आणि पुढच्या मार्चला पुन्हा तेच.

नियम नाहीत असंही नाही. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम 2017 मधला नियम 62 शेवटच्या महिन्यांतल्या खर्चाच्या गर्दीला सरळ वित्तीय औचित्याचा भंग म्हणतो. शेवटच्या तिमाहीत 33 टक्के आणि एकट्या मार्चमध्ये 15 टक्क्यांपेक्षा जास्त खर्च नको, अशी केंद्राची मर्यादाही आहे. ती सूट देऊन वाकवली जाते, तो भाग वेगळा. पण मूळ खोट बक्षीस-शिक्षेत आहे. जो अधिकारी पैसा वाचवून परत करतो त्याची पुढच्या वर्षीची तरतूद कापली जाते, आणि जो काहीतरी करून उडवतो त्याला शंभर टक्के खर्चाची शाबासकी मिळते. असं असताना मार्चमध्ये कोण हात आखडेल?

निम्मी तरतूद एप्रिलमध्येच बीम्सवर सोडा. सुरू असलेल्या कामाचा शिल्लक निधी पुढच्या वर्षी त्याच कामाला पहिल्या महिन्यात परत द्या. 28 दिवसांचा अहवाल जोडल्याशिवाय काँक्रीटच्या कामाचं अंतिम देयक स्वीकारू नका. आणि 15 ते 31 मार्चमध्ये निघालेल्या प्रत्येक देयकाची कामनिहाय, ठेकेदारनिहाय यादी एप्रिलमध्ये जाहीर करा. प्रत्येक देयक तारखेसह नोंदलेलं आहे, यादी काढायला नवीन काही लागत नाही.