साठीला इंग्लंडला गेलं की पेन्शन? हिशेब करून बघा

गोव्यातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. लिस्बनला जन्मनोंद करा, पोर्तुगीज पासपोर्ट घ्या, साठीला मुलाकडे इंग्लंडला जा. पेन्शनचं वय झालं की एक दिवसही काम न करता आठवड्याला 230 पौंड सुरू. गोव्यातली नोकरीही धरतात. मग परत या. रक्कम दरवर्षी वाढत खात्यात जमा होते आणि गोवा सरकारच्या दयानंद योजनेचे पैसेही चालू राहतात.

यातला आकडा तेवढा खरा. ब्रिटनच्या सरकारी पेन्शनचा 2025-26 चा पूर्ण दर आठवड्याला 230.25 पौंड होता, पण तो नॅशनल इन्शुरन्सची (पगारातून कापल्या जाणाऱ्या सरकारी वर्गणीची) 35 वर्षं भरलेल्याला. 10 वर्षं भरली तर साधारण 66 पौंड, आणि 10 पेक्षा कमी असतील तर काहीच नाही. पेन्शनचं वय उलटल्यावर नवी वर्षं जमा होत नाहीत. हे वय 66 वरून 2028 पर्यंत 67 होतंय. म्हणजे आज साठीला विमानात बसणाऱ्याच्या हाती उरतात फार तर सात वर्षं. मेसेज लिहिणाऱ्याने एवढी वजाबाकी तरी करायची!

‘काम न करता’ यात मात्र थोडं तथ्य आहे. मुलगा-सून कामावर जातात आणि बारा वर्षांखालचं नातवंड आजी सांभाळते, तेव्हा घरच्यांचं नॅशनल इन्शुरन्समधलं वापरात नसलेलं वर्ष अर्ज करून आजीच्या नावावर घेता येतं. आपल्याकडचे बहुतेक आईबाप याच कामासाठी जातात, तर हे माहीत असलेलं बरं. पण आजी पेन्शनच्या वयाखाली हवी, आणि दहाची अट तिलाही चुकत नाही.

गोव्यातली नोकरी? ब्रिटनच्या हिशेबात शून्य. भारत-ब्रिटन व्यापार करारासोबत जी सवलत गाजली, ती कंपनीने तात्पुरत्या पाठवलेल्या माणसांना दोन देशांत वर्गणी भरावी लागू नये यासाठी आहे. तिच्यामुळे पेन्शनची वर्षं जोडली जात नाहीत. गंमत म्हणजे पोर्तुगालशी भारताचा वर्षं जोडणारा करार आहे, मे 2017 पासून लागू. इथे पीएफ भरलेली आणि तिथे वर्गणी भरलेली वर्षं त्यात एकत्र मोजता येतात. पण पासपोर्ट पोर्तुगालचा आणि तिकीट लंडनचं, ही आपली जुनी रीत. या कराराची आठवण कुणाला?

सगळ्यात महागात पडेल तो ‘दरवर्षी वाढत’ हा भाग, कारण तो ज्यांनी तिथे खरोखर वर्षं घालवली त्यांना फसवतो. इंग्लंडमधल्या स्विंडनच्या गोदामांत राबून हक्काची पेन्शन मिळवलेला माणूस म्हापशाला परतला, तर पेन्शन येते, पण त्या दिवसाच्या दरावर गोठते. 2016 मध्ये पूर्ण दराने 155.65 पौंड घेऊन भारतात आलेल्याला आजही 155.65 च मिळतात. तोच माणूस पोर्तुगालला राहिला असता, तर वाढ मिळाली असती. कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या ब्रिटिश पेन्शनरांचंही हेच रडगाणं आहे. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने 2010 मध्ये त्यांच्या विरोधात निकाल दिला. ब्रिटनला परत राहायला गेलं की चालू दर मिळतो.

पासपोर्टचं तर विचारूच नका. ब्रेक्झिटमुळे 31 डिसेंबर 2020 नंतर पोर्तुगीज पासपोर्टवर ब्रिटनमध्ये थेट स्थायिक होता येत नाही. मुलगा त्याआधीपासून तिथे राहत असेल, तर अवलंबून असलेल्या आईवडिलांसाठी वाट आहे, पण ती अर्ज करून आणि पुरावे देऊन. इकडे परकी नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं की 1955 च्या कायद्याप्रमाणे भारतीय नागरिकत्व जातं.

राहिली दयानंद योजना. महिन्याचे 2000 रुपये गोव्यात राहणाऱ्यांसाठी आहेत आणि दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तेव्हा जाण्याआधी मुलाला तुमचा व्हिसा कोणत्या नियमाखाली मिळणार हे विचारा, आणि तो परत यायचं म्हणत असेल तर त्याची स्वतःची नॅशनल इन्शुरन्सची किती वर्षं भरलीत, हेही. ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर त्याला ती लगेच दिसतात.