मौन पाळायचंय ना, मग नीट पाळा!

जळगाव घ्या, भुसावळ घ्या, धुळे घ्या. फुटबॉल सामन्याआधी श्रद्धांजली म्हटली की तोच पोरखेळ. निवेदक म्हणतो ‘दोन मिनिटं’, आणि पंचवीस सेकंदांत ‘धन्यवाद, खाली बसा’! माईक चालूच, त्यातून त्याचा खोकला आणि ‘जनरेटर बघ रे भो’. अहो, गेलेल्या माणसाला एवढं तरी द्या!

अवघड काय आहे? दोन्ही संघ मधल्या वर्तुळाच्या कडेने उभे करा. डीजेवाल्याला पाच मिनिटं आधी सांगा. आवाज कमी नको, बंदच. कोण गेलं ते एका वाक्यात सांगून माईकचं बटण बंद करा. पंचांची शिट्टी, घड्याळात पूर्ण ६० सेकंद, पुन्हा शिट्टी. एकच मिनिट, पण पुरतं. पुढाऱ्यांची नावं तर नकोतच. उशिरा येणाऱ्यांना गेटवरच थांबवा, नाहीतर खुर्च्यांची खडखड सुरू.

आणि ऊठसूट मौन कशाला? मग खेळाडू त्या वेळात बुटांच्या नाड्या बांधतात. शांतता राखणं जमत नसेल तर टाळ्या वाजवा. २००५ मध्ये मँचेस्टर युनायटेडचा जुना नामवंत फुटबॉलपटू जॉर्ज बेस्ट गेला तेव्हा इंग्लंडमधल्या कित्येक मैदानांवर तेच केलं. पण त्याही पूर्ण ६० सेकंद!