बॅटरीचे टक्केटोणपे

दर गुरुवारी कामानिमित्त मला पुण्याहून मुंबईस जाऊन रात्री परतावे लागते. परतीचे तिकीट, रिक्षाचे पैसे आणि ‘येताना दही आणा’ हा घरचा आदेश अशी सर्व मालमत्ता ज्या मोबाइलच्या पोटात असते, तो मोबाइल नेमका कर्जतच्या आसपास मान टाकतो. तीन वर्षांपूर्वी तो घेतला तेव्हा खोक्यावर बॅटरीची क्षमता ५,००० एमएएच अशी छापलेली होती, आणि पहिल्या नोकरीत पगाराच्या आकड्याकडे पाहावे तसे मी त्याकडे पाहिले होते. एवढा मोठा दिसतो आहे म्हणजे पुरेलच, अशा भाबडेपणाने.

“मामा, तुझा ब्राउझर बॅटरी खातो. बदल तो,” असे माझ्या भाच्याने एका रविवारी निदान केले. पित्ताच्या माणसाला ‘चहा सोडा’ असे सांगतात, तसाच त्याचा सूर होता. पुराव्याशिवाय चहा न सोडणाऱ्यांपैकी मी असल्यामुळे चार ब्राउझर फोनवर उतरवून घेतले आणि त्यांची रीतसर परीक्षा घेण्याचे ठरवले. त्यांची नावे येथे देत नाही, कारण दोष त्यांचा की माझा, याचा निकाल अद्याप लागलेला नाही. जुन्या डायरीत त्यांच्या नोंदी अ, ब, क, ड अशा आहेत.

अशा परीक्षेला मोठी परंपरा आहे. २०१६ साली मायक्रोसॉफ्टने चार एकसारखे लॅपटॉप शेजारीशेजारी मांडून, प्रत्येकावर वेगळ्या ब्राउझरमध्ये चलचित्र चालू ठेवून, कोण किती वेळ तग धरतो याचे चित्रण प्रसिद्ध केले होते. त्यात क्रोम ४ तास १९ मिनिटांत आडवा झाला आणि मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा एज ७ तास २२ मिनिटे टिकला. पेपर काढणारा, तपासणारा आणि पहिला येणारा एकाच घरातले असले की निकाल असा डोळ्यांत भरतो. ऑपेरावाल्यांनी लगेच आपली वेगळी चाचणी काढली, तीत ऑपेरा पहिला आला, हे वेगळे सांगायला नकोच. पुढे २०२० साली एजने आपले जुने इंजिन, म्हणजे पान पडद्यावर मांडणारी आतली यंत्रणा, टाकून क्रोम ज्यावर चालतो ते क्रोमियमच स्वीकारले. म्हणजे ज्या घरच्या स्वयंपाकाला भर पंगतीत नावे ठेवली, त्याच घरी कायमचा डबा लावला.

हा शेवटचा तपशील मला भाच्याकडून कळला, तोही चारही ब्राउझर उतरवून झाल्यावर. अँड्रॉइडवर क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा, सॅमसंग इंटरनेट ही मंडळी आतून एकाच कुळातली. फायरफॉक्सचे गेको इंजिन तेवढे वेगळ्या गोत्राचे. आयफोनवर तर आपल्याकडे सगळेच ॲपलच्या वेबकिट इंजिनावर चालतात. थोडक्यात, मी चार उमेदवार म्हणून ज्यांना बोलावले होते, त्यांतले तिघे चुलतभाऊ निघाले. मग फरक पडतो कशाने, असे विचारले, तेव्हा तो म्हणाला, “जाहिरातींनी. कोण त्या अडवतो आणि कोण पाटावर बसवून जेवू घालतो, यावर.”

ते मात्र मला पटले, कारण पहिल्याच गुरुवारी, लोणावळा सोडताना, अ ब्राउझरमध्ये पावसाची एक बातमी उघडली होती. बातमी चार ओळींची. पहिल्या ओळीनंतर सोन्याच्या बांगड्या आल्या, दुसरीनंतर गुडघेदुखीवरचे तेल, आणि तिसरी ओळ वाचू लागताच खालच्या कोपऱ्यात कोणीतरी आपण होऊन चलचित्रातून बोलू लागला. त्याला बंद करण्याची फुली इतकी बारीक की ती दाबताना बोट बांगड्यांवर पडले आणि दागिन्यांचे अख्खे दुकान उघडले. हे सर्व फोनच्या प्रोसेसरला राबवून चालले होते. पाऊस कोठे पडला हे मला अजून माहीत नाही.

दुसऱ्या गुरुवारी ब ची पाळी होती. त्याने अ च्या दुप्पट बॅटरी खाल्ली, तेव्हा गुन्हेगार सापडल्याच्या आनंदात मी भाच्याला फोन केला. त्याने विचारले की मी कोठे बसलो होतो. मी खिडकीत, उन्हाच्या बाजूला बसलो होतो. त्यामुळे पडद्याचा उजेड आपोआप कमाल मर्यादेला गेला होता, आणि फोनमध्ये सर्वांत खादाड पडदाच. शिवाय घाटात एकामागून एक बोगदे. प्रत्येक बोगद्यात रेंज जाते आणि फोन जत्रेत हरवलेल्या पोरासारखा टॉवरला हाका मारत बसतो, त्यातही बॅटरी जाते. बिचाऱ्या ब चा नाहक बळी गेला होता.

तिसऱ्या गुरुवारी क ला न्याय मिळावा म्हणून मी सावलीत बसलो, उजेड निम्म्यावर बांधून ठेवला आणि दर पाच मिनिटांनी सेटिंगमध्ये जाऊन आकडा टिपू लागलो. समोरच्या गृहस्थांनी “शेअर बाजार का?” असे सहानुभूतीने विचारले. घरी येऊन बॅटरीचा हिशेब पाहिला, तर क ने खाल्ले होते ६ टक्के आणि त्याच्यावर नजर ठेवणाऱ्या सेटिंगने ९. शिवाय हे आकडेही प्रत्यक्ष मोजलेले नसतात. फोनच्या कोणत्या भागाला किती वीज लागते, याचा निर्मात्याने दिलेला तक्ता आणि वापराचा वेळ यांवरून बहुतेक फोन अंदाजच बांधतात. वाण्याच्या बिलावरून कोणी किती पोळ्या खाल्ल्या हे ठरवावे, तसा तो प्रकार. त्यातून माझी बॅटरी तीन वर्षांची, म्हणजे तिचे १०० टक्के पूर्वीचे १०० टक्के नव्हेत. जुन्या उशीसारखी ती चेपून लहान झाली आहे.

तेव्हा ड ची परीक्षा घरीच, रविवारी, बंदिस्त वातावरणात घ्यायची असे ठरवले. उजेड ठरलेला, वायफाय ठरलेले, पडदा विझू नये अशी व्यवस्था केलेली. सकाळी ८ वाजता डायरीत आकडा लिहून, ठरलेले पान उघडून फोन दिवाणखान्यातल्या टेबलावर ठेवला आणि त्याला कोणीही हात लावू नये असे सर्वांना बजावून मी मंडईत गेलो. ११ वाजता परतलो. आई सोफ्यावर शेंगा सोलत बसली होती आणि फोन कोपऱ्यात भिंतीशी होता.

“अरे, सत्तरवर आला होता बिचारा,” ती म्हणाली, “मीच लावला चार्जिंगला. तुझ्या लक्षात राहत नाही.”

डायरीत ड समोर नोंद आहे: सकाळी ७४, तीन तास अखंड वापर, नंतर ९६.