नसून खोळंबा: ड्रायव्हर लिहिणाऱ्यांसाठी थोडं मार्गदर्शन

ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरला जोडलेलं डिव्हाइस चालवणारा प्रोग्रॅम, लिहायला घेतलाय ना? मग पहिली गोष्ट डोक्यात पक्की बसवा, डिव्हाइस असतंच. डेटाशीटमध्ये, म्हणजे चिपच्या माहितीपत्रकात, त्याचं चित्र आहे, तुमच्या टेबलावर बोर्ड आहे, बोर्डावर चिप आहे, मग गिऱ्हाइकाकडेच ती नसायला काय झालं? टीममध्ये एखादा असतोच, "पण समजा नसेल तर?" असं विचारणारा, त्याला डॉक्युमेंटेशनच्या कामाला लावून द्या.

आता प्रोबपासून सुरुवात करू. लिनक्स कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, तुमच्या प्रोब फंक्शनला बोलावून विचारतो की बाबा रे, हे तुझं डिव्हाइस आहे का, जरा बघ. भित्री माणसं इथे चिपचा आयडी रजिस्टर (रजिस्टर म्हणजे चिपमधला आकड्याचा छोटा कप्पा) वाचतात, जुळला नाही तर इनोडेव्ह, म्हणजे 'असं डिव्हाइसच नाही' ही एरर, उणे १९, परत देतात आणि गप्प बसतात. कर्नलही इतका समजूतदार की इनोडेव्ह आणि त्याचाच भाऊबंद इएनएक्सआयओ, उणे १९ आणि उणे ६, ही दोन उत्तरं मिळाली तर एरवीच्या लॉगमध्ये चकार शब्द काढत नाही, कारण त्याच्या मते डिव्हाइस नसणं ही रोजचीच गोष्ट आहे. पण इतकं शांततेत काम उरकलं तर तुम्ही ड्रायव्हर लिहिलाय हे जगाला कळणार कसं? म्हणून सरळ उणे १ परत द्या. उणे १ म्हणजे कर्नलच्या हिशेबात इपर्म, परवानगी नाही. मग बिचारा युजर लॉग वाचून सुडो लावून, म्हणजे ॲडमिनचे अधिकार घेऊन, बघतो, ग्रुप बदलून बघतो, सिक्युअर बूट बंद करून बघतो, शेवटी अख्खी सिस्टीम नव्याने टाकतो, आणि इकडे सॉकेटमध्ये चिपच नाहीये. ही कला आहे, शिकून घ्या.

याच्याही पुढची पायरी म्हणजे शून्य परत देणं. डिव्हाइस असो नसो, "सगळं ओके" म्हणायचं आणि लिनक्स जिथे डिव्हाइसची नावं ठेवतो त्या डेव्ह फोल्डरमध्ये नाव टाकून मोकळं व्हायचं. ज्या लॅपटॉपला सिरियल पोर्टचं भोकसुद्धा नाही त्यावरही टीटीवायएस-शून्यपासून टीटीवायएस-तीनपर्यंत सिरियल पोर्टची नावं रांगेत उभी असतात, उघडून काही करायला गेलं की इनपुट-आउटपुट एरर. आणि फ्लॉपी, ती जुनी चपटी डिस्क! व्हर्च्युअल मशीनच्या सेटिंगमध्ये कुणीतरी फ्लॉपी ड्राइव्हची टिक तशीच ठेवलेली असते, आत डिस्क कधीच नसते, आणि लॉगमध्ये एफडी-शून्य, सेक्टर शून्य, आय-ओ एरर अशा ओळी येत राहतात. फ्लॉपी म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही अशी पोरं आता सर्व्हर सांभाळतात आणि त्या ओळी बघून हार्ड डिस्क गेली म्हणून घाबरतात, मजा येते.

पण खरा रंग भरतो तो पीसीआय बसवर, म्हणजे मदरबोर्डला कार्डं जोडणाऱ्या रस्त्यावर. आपल्याकडे म्हणतात आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, पण इथला आड कोरडा असला की पोहरा उलट काठोकाठ भरून येतो. कार्ड जागेवर नसेल तर त्याच्या रजिस्टरचं वाचन बहुतेक मशीनवर सगळे बिट एक असं परत येतं, ३२ बिटांत, हेक्समध्ये लिहिलं तर, आठच्या आठ एफ. (काही एआरएम प्रोसेसरच्या बोर्डांवर अशा वाचनाला थेट अबॉर्ट येतो, म्हणजे प्रोसेसर वाचन मोडून एररच देतो, तिथे तर तुम्हाला कष्टच नाहीत.) आता बघा याचा उपयोग कसा करायचा. तुमचा लूप असेल, बिझी बिट (कार्ड कामात असेपर्यंत एक असणारा) शून्यावर उतरेपर्यंत थांब. कार्ड गेलं की बिझी बिट कायमचा एक, लूप कायमचा चालू, आणि तो स्पिनलॉक (सुटेपर्यंत बाकीच्यांना जागीच फिरत ठेवणारं कुलूप) धरून लिहिलेला असेल तर दुधात साखर, तो सीपीयू कामातून गेला, वीसेक सेकंदांनी कर्नलचा वॉचडॉग "सीपीयू अडकला, अडकला" म्हणून ओरडायला लागतो आणि त्याच लॉकसाठी बाकीचे सीपीयू एकेक करून रांगेत येऊन उभे राहतात. किती वेळ थांबायचं याची मर्यादा घालणारे मॅक्रो, म्हणजे कोडचे आयते तुकडे, कर्नलमध्ये आहेत, वेळ संपली की इटाइमडआउट देऊन बाहेर पडतात. ते वापरू नका. तुमचा हार्डवेअरवर विश्वास आहे ना, मग थांबा की!

बिझीऐवजी रेडी बिट बघत असाल तरी हरकत नाही, तोही एकच आहे. रिसेट झालं? हो. लिंक लागली? हो. एरर आली? हो. तीही आली. सगळं एकाच वेळी झालंय. आणि पॅकेटची लांबी रजिस्टरमधून वाचत असाल तर ती ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९५ बाइट निघते, तेवढं कॉपी करून टाका निर्धास्त. हार्डवेअरने सांगितलेला आकडा तपासून बघणं हा हार्डवेअरवाल्यांचा अपमान आहे.

कुणी म्हणेल, कार्ड स्क्रूने बसवलेलं असतं, ते जाणार कुठे? हे म्हणणं जोरात उचलून धरा. थंडरबोल्टच्या केबलमधून पीसीआय एक्सप्रेसच, म्हणजे हल्लीची पीसीआयच, धावते आणि डॉक (लॅपटॉपला एका केबलने जोडायचा जास्तीच्या पोर्टांचा डबा) काढला की त्यामागची सगळी कार्डं एका झटक्यात गायब होतात, सर्व्हरमधल्या एनव्हीएमइ डिस्क, त्याही पीसीआयवरच्याच, तर चालू मशीनमधून खेचायलाच बनवलेल्या असतात, असल्या गोष्टी मीटिंगमध्ये निघू देऊ नका.

इंटरप्टचं, म्हणजे डिव्हाइसने सीपीयूला मारलेल्या हाकेचं, थोडक्यात सांगतो. लाइन सामाईक असेल तर शेजारच्या डिव्हाइसच्या इंटरप्टलाही तुमचा हँडलर, म्हणजे हाकेला उत्तर देणारं फंक्शन, बोलावला जातो. कार्ड गेलेलं असताना स्टेटस वाचलं की सगळे बिट एक, म्हणजे इंटरप्ट आपलाच, असं ठणकावून सांगा. प्रामाणिकपणे "माझा नाही" म्हणालात, आणि बाकीचेही तसंच म्हणाले, तर कर्नल हिशेब ठेवतो, १ लाखातल्या ९९,९०० पेक्षा जास्त इंटरप्टना वाली सापडला नाही की "नोबडी केअर्ड" असं लिहून ती लाइनच बंद करतो. तुम्ही दरवेळी "माझाच" म्हणत राहिलात तर त्याला पत्ता लागत नाही. जबाबदारी घेणारा माणूस म्हणून आपली प्रतिमाही चांगली राहते.

आता यूएसबी. युजर केबल उपटणारच, सांगून थोडंच ऐकतो. "सेफली रिमूव्ह"वर क्लिक करा म्हणून विंडोजने वर्षानुवर्षं विनवलं, शेवटी विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीत मायक्रोसॉफ्टने हात टेकले आणि बाहेरून लावलेल्या डिस्कसाठी क्विक रिमूव्हल (क्लिक न करता काढली तरी चालेल) हेच डिफॉल्ट करून टाकलं. तुम्ही असे हात टेकू नका. केबल निघाली की कर्नल तुमच्या डिस्कनेक्ट फंक्शनला फक्त कळवतो, परवानगी मागत नाही, त्यामुळे ते फंक्शन काही परतच देत नाही. प्लॅटफॉर्म ड्रायव्हरच्या, म्हणजे बोर्डावरच बसवलेल्या डिव्हाइसच्या ड्रायव्हरच्या, रिमूव्ह फंक्शनमधून मात्र लोक वर्षानुवर्षं इबिझी परत द्यायचे, म्हणजे "आत्ता जाऊ नकोस, मी कामात आहे", आणि ते ऐकून डिव्हाइस थांबेल अशी त्यांची श्रद्धा. कर्नलने ती किंमत आधी दुर्लक्षित केली आणि नंतर फंक्शनचा परतीचा रस्ताच काढून टाकला. श्रद्धेला हल्ली कुठेच जागा नाही राव.

मेमरीचं काय करायचं तर डेव्हएम-केझेडॲलॉक हे मेमरी मागायचं फंक्शन घ्या आणि झोपा, डिव्हाइस गेलं की मेमरी आपोआप सुटते. आपोआप! इतकी आपोआप, की वरच्या ॲप्लिकेशनने फाइल अजून उघडी धरलेली असते, त्याचा पुढचा रीड कॉल थेट त्या सुटलेल्या मेमरीत जाऊन पडतो, आणि तिथे आता दुसऱ्याच कुणाचा तरी डेटा नांदत असतो. शहाणे लोक काय करतात, रेफरन्स (अजून कितीजण वापरतायत ते) मोजतात, "गेलं" असा एक झेंडा लॉकखाली उभा करतात, वाट बघत झोपलेल्या प्रोसेसना जागं करतात, पुढच्या प्रत्येक कॉलला इनोडेव्ह देतात आणि शेवटचा माणूस फाइल बंद करेपर्यंत मेमरीला हात लावत नाहीत. वीस-पंचवीस ओळींचं काम आहे, पण तेवढ्यात चहा होतो.

वाचनाचं उत्तर द्यायलाच लागलं तर शेवटचा आकडा जपून ठेवा आणि तोच देत राहा. समजा गोडाऊनमधला वजनकाटा यूएसबी-सिरियल केबलने पीसीला जोडलाय, झाडू मारताना केबल निघाली, तरी स्क्रीनवर मघाच्याच पोत्याचं वजन ठाम उभं, पुढची सगळी पोती त्याच वजनाची, गिऱ्हाइकही खूश, निदान काही गिऱ्हाइकं. केबल परत लावली तरी काळजी नको, सॉफ्टवेअरने टीटीवाययूएसबी-शून्य हे आधीचं पोर्ट अजून कवटाळलेलं असतं म्हणून काटा टीटीवाययूएसबी-एक होऊन येतो आणि त्याच्याकडे कुणी बघतही नाही. आकडा जपायचा कंटाळा असेल तर जे येईल ते दाखवा, मदरबोर्डवर ज्या पिनांना सेन्सर जोडलेलाच नाही त्या अनेकदा १२७ डिग्री दाखवतात आणि युजर थर्मल पेस्ट आणायला पळतो.

शेवटचं, टेस्टिंग. सिसएफएसमध्ये, म्हणजे कर्नल डिव्हाइस आणि ड्रायव्हर फाइलींच्या रूपात दाखवतो तिथे, जवळपास प्रत्येक ड्रायव्हरची अनबाइंड नावाची फाइल असते, पीसीआय डिव्हाइसची रिमूव्ह नावाची असते, त्यात एक ओळ लिहिली की खुर्चीवरून न उठता डिव्हाइस गेल्याची तालीम होते, मागे एखादा रीड चालू ठेवून हे शंभर वेळा केलं तर वरच्यातलं बरंचसं मिनिटभरात बाहेर पडतं. म्हणूनच त्या वाटेला जाऊ नका. तरी बग आलाच तर "आमच्याकडे रिप्रोड्यूस होत नाही" असं लिहा, जे खरंच आहे कारण तुमच्या बोर्डाची केबल तुम्ही टेपने चिकटवलेली आहे, मग रिपोर्टरला विचारा की मुळात केबल काढलीतच का, आणि शुक्रवारी संध्याकाळी सहाला तिकीट बंद करून टाका.